सगळं आहे तरी अजून हवंच वाटतं, काय करू?

इंदूरहून, सुदामा नगरमधून एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात असं की नवरा-बायको दोघं नोकरी करतात, दोघांचे मिळून हातात ९४ हजार येतात. होम लोनची किस्त २२,४००, गाडीची ९,८००, मोबाईलची ५,००० (अजून ५ महिने), एसी आणि टीव्हीची मिळून ४,६०० (अजून ९ महिने). क्रेडिट कार्डावर ५० हजार थकलेत, त्याचं दर महिन्याला फक्त मिनिमम भरतात, २,५०० च्या आसपास. एक लाखाची एफडी आहे. आता मोठ्या जाऊबाई बायपासकडे नवीन फ्लॅटमध्ये गेल्या, त्यांचं किचन बघून आल्यापासून ह्यांना २ लाख ४० हजारांचं मॉड्युलर किचन हवंय, आणि यजमानांना मोठी गाडी. शेवटी लिहिलंय, "मी इतकी हावरट कशी झाले, ही हाव कशी घालवू?"

ताई, आधी एक गोष्ट. तुम्ही स्वतःला दोनदा हावरट म्हटलंय आणि ते मला अजिबात पटलेलं नाही. मी बरीच वर्षं कन्झ्युमर लोनमध्ये काढली, आधी शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर, मग बँकेत, आणि आता लोकांच्या घरी बसून किस्तींचे गुंते सोडवायचं काम करते. ह्या सगळ्या काळात हावरट म्हणावीत अशी माणसं मला फार थोडी भेटली. चांगली कष्टाळू, हिशोबी माणसं, ज्यांना दोनशे रुपयांच्या भाजीत मोलभाव करता येतो पण साठ हजारांच्या फोनमध्ये करता येत नाही, असेच जास्त भेटले. हे का होतं ते नीट समजून घ्या, मग तुमच्या किचनकडे येऊ.

वस्तू हवीशी वाटणं नवीन नाही हो. आपल्या वडिलांना स्कूटर नको होती का? हवीच होती, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक. ती पिढी फार संतोषी होती असं आपण म्हणतो ते काही खरं नाही, लायसन्स-परमिटच्या काळात माल मिळतच नव्हता आणि मिळाला तर रोख मोजावी लागायची, एवढंच. म्हणजे इच्छा होती पण इच्छा आणि खरेदी ह्यांच्यामध्ये अंतर होतं, आणि त्या अंतरात अर्ध्या इच्छा आपोआप गळून जायच्या, उरलेल्या पक्क्या व्हायच्या. आज ते अंतर पाच मिनिटांवर आलंय. इच्छा तीच आहे, मधलं थांबणं गेलंय. म्हणून मी कुणाला "मन मारा" असं सांगत नाही, मन मारून दोन महिने जातात आणि तिसऱ्या महिन्यात डबल खरेदी होते, हे मी इतक्या घरांत बघितलंय. मी सांगते ते हे की अंतर परत आणा.

ते अंतर कसं काढून टाकलं जातं ते शोरूममध्ये बघा. दिवाळीच्या आधीचं पुष्य नक्षत्र, इंदूरमध्ये त्या दिवशी काय गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको, महाराणी रोडपासून विजय नगरपर्यंत गाडी लावायला जागा नसते. एक जोडपं ४३ इंची टीव्ही घ्यायला येतं, ३० हजारांचा, घरी ठरवून आलेलं असतं. सेल्समन त्यांना तो टीव्ही दाखवतो पण उभं करतो ५५ इंचीच्या समोर. ५५ चा भाव ४५ हजार. पण तो १५ हजार जास्त असं म्हणतच नाही, तो म्हणतो भाभीजी महिन्याला फक्त ८३३ जास्त, अठरा महिने. मग मोबाईल नंबर विचारला जातो, ओटीपी येतो, स्क्रीनवर प्री-अप्रूव्हड लिमिट दिसतं, दीड लाख, आणि त्या क्षणी चेहऱ्यावर जो आनंद येतो तो मी टेबलाच्या पलीकडून नीट बघितलाय, जणू कुणी बक्षीस दिलंय. लिमिट दीड लाखाचं म्हटल्यावर ४५ हजार लहान वाटायला लागतात, मग साउंडबार, मग एक्स्टेंडेड वॉरंटी. टेबलावर आल्यानंतर किंमत हा शब्दच कुणी काढत नाही, फक्त किस्त. ह्यात कुणी खोटं बोललेलं नसतं, सगळं कायदेशीर. पण ३० हजार ठरवून आलेला माणूस ५० च्या वर जाऊन घरी पोचतो आणि त्याला वाटतं आपणच ठरवलं.

किंमत डोळ्याआड गेली की माणूस जास्त मोजतो हे तपासून बघितलेलं आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रेलेक आणि सिमेस्टर ह्या दोन प्राध्यापकांचा प्रयोग २००१ मध्ये छापून आला, बास्केटबॉलच्या मॅचची तिकिटं बंद लिफाफ्यात बोली लावून विकायची, काहींना सांगितलं रोख द्यावी लागेल, काहींना सांगितलं कार्ड चालेल. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट आली. तिकीट तेच, मॅच तीच, माणसंही सारखीच, मॅनेजमेंट शिकणारी मुलं. आपण तर तेव्हाच्या कार्डापेक्षाही पुढे आलोय, आता खिशात हातसुद्धा घालावा लागत नाही.

आता तुमचा फोन. तुम्ही लिहिलंय "तो तर नो कॉस्टवर (म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या किस्तीवर) घेतला, त्याचं काही नाही". त्याचं आहे, बघा. ६० हजारांचा फोन, १२ महिने, ५ हजार महिना. बँक कुणालाही फुकट पैसे देत नाही, १६ टक्के व्याज धरलं तर बँकेने प्रत्यक्षात साधारण ५५,१०० चं लोन केलं आणि ४,९०० व्याज, जे कंपनी किंवा दुकान डिस्काउंट म्हणून आधीच वळतं करतं. पण क्रेडिट कार्डावरच्या किस्तीत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो तुमच्याकडून जातो, म्हणजे ८८० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावर जीएसटी. झाले ११०० रुपये. आणि तोच फोन रोखीत मागितला असता तर डॉलर मार्केटमध्ये नाहीतर जेल रोडच्या एखाद्या दुकानात घासाघीस करून समजा ५७ हजारांत मिळाला असता, तर ते ३ हजारही ह्यातच धरायचे. सगळं मिळून व्याजाचा दर १३ टक्क्यांच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं की झिरो परसेंट व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, व्याज फीच्या नावाखाली लपवलं जातं. तेव्हापासून नाव बदललं, आता नो कॉस्ट म्हणतात.

दुकानात कुणी "१० टक्के फ्लॅट" म्हणाला तर दोन वर्षांच्या लोनला तो खरा १८ टक्के असतो, कारण तुम्ही मुद्दल दर महिन्याला फेडताय पण व्याज पूर्ण रकमेवर मोजलं जातंय. हे भांडून विचारायची गरज नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून क्रेडिट कार्ड सोडून प्रत्येक नवीन रिटेल लोनसोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात एपीआर म्हणून सगळा खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. सही करायच्या आधी तो कागद मागा आणि फक्त तो एक आकडा वाचा, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

पण तुमच्या सगळ्या यादीत मला खरी काळजी वाटली ती त्या कार्डाची. ५० हजार थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, १,७५० झाले, त्यावर जीएसटी ३१५. म्हणजे तुम्ही जे २,५०० भरताय त्यातले २,०६५ व्याज आणि टॅक्समध्येच गेले, मुद्दल कमी झालं ४३५ रुपयांनी. महिनाभर राबून ४३५! आणि जोपर्यंत मागचं थकलेलं आहे तोपर्यंत नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते पंचेचाळीस-पन्नास दिवसांची सवलत वगैरे विसरा. वर्षाला ४२ टक्क्यांचं हे कर्ज आहे आणि त्याच वेळी तुमची एफडी ७ टक्क्यांच्या आसपास व्याज देतेय. ताई, ती एफडी मोडा. सगळी नाही, अर्धी. ५० हजार कार्डावर भरा, उरलेले अडीअडचणीला राहू द्या. एफडी मोडायला आपल्या लोकांना फार जड जातं, घरातलं सोनं विकल्यासारखं वाटतं, मला माहिती आहे, पण ह्या एका सहीने तुमचे महिन्याला दोन हजार वाचतात. कार्ड कपाटात ठेवा, आणि शॉपिंगच्या सगळ्या अ‍ॅपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. नंबर हाताने टाकावा लागला की ते अंतर थोडं तरी परत येतं.

आता मनाचं. तुम्ही लिहिलंय की एसी आल्यावर आठ दिवस फार छान वाटलं आणि मग काहीच नाही. हे सगळ्यांचं होतं. १९७८ मध्ये अमेरिकेत लॉटरी जिंकलेल्या २२ जणांना विचारून बघितलं, ते बाकीच्यांपेक्षा फारसे आनंदी नव्हते, उलट रोजच्या छोट्या गोष्टींत, गप्पा मारणं, काहीतरी वाचणं, ह्यात त्यांना बाकीच्यांपेक्षा कमी मजा येत होती. मन लवकर सरावतं. पण ह्याच्याही पुढचं एक निरीक्षण आहे जे मला कामात जास्त उपयोगी पडलं. मार्शा रिचिन्स नावाच्या संशोधक आहेत, आयुष्यभर ह्याच विषयावर काम, त्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की ज्यांना वस्तूंची ओढ जास्त असते त्यांना सगळ्यात जास्त आनंद वस्तू यायच्या आधी होतो, आल्यानंतर तो उतरायला लागतो. म्हणजे कॅटलॉग बघणं, रंग ठरवणं, ओट्याला ग्रॅनाइट की क्वार्ट्झ ह्यावर वाद घालणं, हीच खरी मजेची वेळ. आणि आपण किस्तीवर वस्तू उचलून नेमकी हीच वेळ पाच मिनिटांत संपवतो, आणि जो काळ कोरडा जाणार आहे त्याचे पैसे २४ महिने भरत बसतो. वाट बघण्यात तुमचं काही जात नाही ताई, उलट मजा लांबते.

आणि जाऊबाई. हे सरळ बोलूया कारण तुमच्या पत्रात किचनचं वर्णन दोन ओळींत आहे आणि जाऊबाईंचं दहा ओळींत. तुमचं आत्ताचं किचन अडचणीचं आहे का, ट्रॉल्या अडकतात का, पाणी गळतं का, एकही ओळ नाही. नातेवाइकांतली तुलना सगळ्यात जास्त बोचते कारण सुरुवात एकाच घरातून झालेली असते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला, भिशीला, येणाऱ्या चार डोळ्यांना आपलं घर कसं दिसेल ह्याच्यावर इंदूरच्या मराठी घरांतून किती पैसा खर्च होतो ते मी कागदावर बघितलंय, आणि कुणीही त्याला त्या नावाने लिहीत नाही, "सोफा जुना झाला होता" असंच सांगतात. सोफा बदलला की पडदे मळके दिसतात, पडदे बदलले की भिंत, एक नवीन वस्तू आजूबाजूच्या सगळ्यांना जुनं करून टाकते. मी लोकांना एकच विचारते, ही वस्तू घेतली पण घरी कुणीच येणार नसेल, फोटोही टाकायचा नसेल, तरी घ्याल का? ज्याला उत्तर हो येतं ती हौस, ती जरूर करावी. तुम्ही किचनला हा प्रश्न विचारा आणि यजमानांनी गाडीला विचारावा, आणि उत्तरं एकमेकांना सांगा, मनात ठेवू नका.

इथे एक बोलते कारण ह्या विषयावर उपदेश करणारे फार झालेत. वॉशिंग मशीन, मिक्सर, गिझर, फूड प्रोसेसर ह्यांना चैन म्हणणाऱ्या लोकांचं ऐकू नका. बाईच्या दिवसातले दोन तास वाचवणारी वस्तू आणि भिंतीवर बारा इंच जास्त टीव्ही हे एका तागडीत तोलता येत नाही. साधेपणाचं ओझं घरात नेहमी बाईच्याच डोक्यावर येतं, माझा त्याला विरोध आहे. नोकरी करून आल्यावर उभं राहून स्वयंपाक करताना जर त्या ओट्यामुळे पाठ दुखत असेल तर किचन कराच.

कसं करायचं ते सांगते. आज तुमचे किस्ती आणि कार्ड मिळून ४४,३०० जातात, पगाराच्या ४७ टक्के. किचन आत्ता १४ टक्क्यांनी २४ महिन्यांच्या लोनवर केलंत तर ११,५०० ची आणखी एक किस्त, म्हणजे ५९ टक्के, आणि व्याज साधारण ३६,५००. मग एखादं आजारपण आलं की पुन्हा कार्ड. त्याऐवजी उलटी किस्त लावा, स्वतःलाच भरायची. कार्ड फिटल्यावर वाचलेले २,५०० ह्याच महिन्यापासून आरडीत. ५ महिन्यांनी फोन संपेल, ते ५ हजार पगारात मिसळू द्यायचे नाहीत, त्याच तारखेला दुसऱ्या आरडीत. ९ महिन्यांनी एसी-टीव्हीचे ४,६००, तेही. मग महिन्याला १२ हजारांच्या वर जमतात आणि तुमच्या आजच्या खर्चात एका रुपयाची कपात न करता, आरडीला साडेसहा टक्के धरले तरी, साधारण दोन वर्षांत २ लाख ४० हजार उभे राहतात. व्याज द्यायच्या ऐवजी मिळालेलं. आणि रोखीने समोर उभे राहिलात की सुताराकडे आणि मॉड्युलरवाल्याकडे तुमचा शब्द वेगळाच चालतो.

ज्या महिन्यात किस्त संपते तो महिना सगळ्यात धोक्याचा, हे लक्षात ठेवा. फायनान्स कंपनीला ती तारीख तुमच्या आधी माहिती असते आणि "तुमच्यासाठी खास लिमिट" असा मेसेज बरोबर तेव्हाच येतो. तो उघडू नका. अ‍ॅपवर "फक्त ९ मिनिटं उरली" असं घड्याळ पळताना दिसलं, किंवा न मागता कार्टात इन्शुरन्स पडला, तर ते खोटं दडपण आहे हे ओळखा. सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणून नावं देऊन बंदी घातलीय, तक्रार १९१५ वर करता येते. घरात एक नियम करा, पाच हजारांच्या वरची कुठलीही वस्तू दोघांना विचारून आणि मध्ये किमान एक पंधरवडा जाऊन. आवडली की वहीत तारीख आणि भाव लिहून ठेवायचा, बस. ज्या घरांनी हे वर्षभर पाळलं त्यांच्या वह्या मी बघितल्या, बऱ्याच ओळी त्यांनीच नंतर खोडलेल्या असतात आणि कुणाला त्याचं दुःख नसतं.

यजमानांची गाडी मात्र आत्ता नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर, एसीवर, ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ झाला, ते "आता स्वस्त झालंय" म्हणत असतील. झालंय, पण किती? पूर्ण फायदा पुढे दिला तरी भाव पावणेआठ टक्क्यांनी उतरतो, ४५ हजारांची वस्तू ४१,५०० ला. माझ्याकडे आलेल्या घरांत त्या वाचलेल्या पैशांचं काय झालं? एक साइज मोठी वस्तू आली. ज्या गाडीची किस्त अजून चालू आहे आणि जी रोज फक्त ऑफिसला जाते, ती विकून मोठी घेणं म्हणजे नवीन लोन सात वर्षांचं. ती किस्त संपू द्या, मग त्यांनी त्यांची वही काढावी.

मुलांबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय की मुलगा दर वर्षी फोन मागतो. त्याला हे सगळे आकडे दाखवा, आठवी-नववीच्या मुलांना कळतं. घराचा पगार आणि किस्ती मुलांपासून लपवायच्या नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं जे काढाल, चालू स्थितीतलं, ते महापालिकेच्या झोनमधल्या आरआरआर सेंटरला (जुन्या वस्तू पुन्हा वापरात आणायच्या केंद्राला) द्या, आणि मोडके चार्जर, रिमोट वगैरे कचरा गाडीच्या ई-वेस्टच्या वेगळ्या डब्यात, आपल्याकडे सहा प्रकारचं वेगळं करायची सोय आहेच. पण "जुनं दिलं म्हणजे नवीन घ्यायला जागा झाली" हा हिशोब करू नका.

एक गोष्ट विचारायला हवी म्हणून विचारते, रागावू नका. पार्सल नवऱ्यापासून लपवणं, टॅग न काढता कपाटात कपडे पडून असणं, खरेदी केली नाही तर जीव कासावीस होणं, किंमत खोटी सांगणं, ह्यातलं काही होतंय का? पत्रावरून तसं वाटत नाही. पण होत असेल तर तो हिशोबाचा प्रश्न राहत नाही, त्यावर उपचार होतात, मानसोपचार तज्ज्ञांना भेटा किंवा टेली मानसच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

ह्या आठवड्यात करायचं एवढंच, एफडी अर्धी मोडून कार्ड शून्यावर आणा, २,५०० ची आरडी चालू करा, आणि चारही क्रेडिट ब्युरोंकडून (सिबिलसारख्या, आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडून) वर्षातून एकदा मिळणारा फुकटचा रिपोर्ट दोघांच्या नावाने काढून बघा. शोरूमवाल्यांनी टीव्हीसोबत एखादं ईएमआय कार्ड किंवा इन्शुरन्सचं छोटं लोन नावावर चढवलेलं असतं आणि लोकांना ते माहितीच नसतं, असं दर दुसऱ्या घरात निघतं. निघालं तर त्या कंपनीला लेखी कळवून बंद करून घ्या आणि फोनची शेवटची किस्त गेली की नो ड्यूज सर्टिफिकेट मागून फाइलला लावा. रिपोर्टमध्ये काय दिसलं ते कळवा, पुढचं त्यावर सांगते.